ई-२० पेट्रोलवर दोन-स्ट्रोक ग्रास कटर : वरूडच्या संत्राबागेतून एक परीक्षण

हे परीक्षण दोन वस्तूंचे मिळून आहे. पहिली म्हणजे कृषी सेवा केंद्रांत आणि अवजारांच्या दुकानांत सर्रास मिळणारा ५२ सीसीचा, खांद्याला पट्टा अडकवून चालवायचा दोन-स्ट्रोक ग्रास कटर. दुसरी म्हणजे तो ज्यावर चालतो ते पंपावरचे ई-२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. या दोहोंचा विचार वेगवेगळा करून उपयोग नाही, कारण यंत्र आपण निवडू शकतो, पेट्रोल निवडू शकत नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. हंगामात रोजच्या रोज चालणाऱ्या यंत्राला ई-२० चालते, मात्र त्यासाठी कार्बोरेटर जुळवून घ्यावा लागतो. हंगाम संपल्यावर टाकीत राहून गेलेले हेच पेट्रोल यंत्राचे जेवढे नुकसान करते, तेवढे पावसाळाभराचे कामही करत नाही.

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात पावसाळ्यात बागेतील तण बघता बघता कमरेपर्यंत येते. झाडाच्या घेराखाली वखर किंवा कल्टिव्हेटर घातला की वरच्या थरातील तंतुमुळे तुटतात आणि त्या जखमांतून फायटोफ्थोरा बुरशी शिरते. डिंक्या आणि मूळकूज यांनी चांगल्या भरातल्या बागा कशा बसतात, हे या भागात कोणाला नव्याने सांगायला नको. त्यामुळे तण मुळासकट काढण्यापेक्षा कापून जागेवरच आच्छादन म्हणून पसरू देणे संत्र्याला मानवते. त्याच दिवसांत सोयाबीन आणि कपाशीच्या निंदणाची धांदल असते, मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तरी बागेसाठी मिळत नाहीत. अशा वेळी ग्रास कटर ही चैन उरत नाही, ती गरज होते. धुऱ्यावरचे गाजरगवत आणि पाटाच्या कडेचा कुंदा काढायलाही तोच लागतो.

यंत्राबद्दल थोडक्यात बोलतो, कारण खरा विषय पुढे आहे. दहा हजारांच्या आसपास मिळणाऱ्या या यंत्रांची ताकद बागेच्या कामाला भरपूर पुरते. जाड देठाच्या तणाला तीन दातांचे पोलादी पाते चांगले, पण खोडाजवळ आणि ठिबकच्या नळीजवळ नायलॉनच्या तारेचेच डोके लावावे. पात्याचा एक चुकार फटका खोडाची साल सोलतो आणि सालीची जखम म्हणजे डिंक्याला उघडे दार. पट्टा हलक्या दर्जाचा असतो, तो बदलून दोन्ही खांद्यांवर भार घेणारा घ्यावा. हातांना जाणवणारी थरथर जास्त आहे आणि सलग काम केल्यावर बोटे बधिर होतात, त्यामुळे मधे मधे थांबणे आवश्यक आहे. गिअरच्या डोक्यात ग्रीस भरण्याचा स्क्रू असतो, त्याकडे बहुतेक जण वर्षानुवर्षे पाहत नाहीत. पूर्ण ताकदीने चालवल्यास तासाला लिटरच्या आसपास पेट्रोल जाते, आणि लिटरमागे शंभराच्या पुढे भाव असताना ही गोष्ट लहान नाही.

आता पेट्रोलकडे वळतो. इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम आपल्याकडे २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्क्यांनी सुरू झाला, २०२२ च्या मध्यापर्यंत देशाची सरासरी दहा टक्क्यांवर पोहोचली, फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर ई-२० आले आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडचे नेहमीचे पेट्रोल झाले. मूळ उद्दिष्ट २०३० चे होते, ते पाच वर्षे अलीकडे आणण्यात आले. ऊस, मका आणि खराब झालेले धान्य यांपासून इथेनॉल होते, आयात तेलाचा खर्च वाचतो आणि मक्याला गिऱ्हाईक मिळते, हे सगळे शेतकरी म्हणून मला मान्य आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय पंपावर ठेवावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. तेव्हा जे मिळते आहे त्यावर यंत्र नीट कसे चालेल, एवढाच प्रश्न आपल्यासमोर उरतो. दुर्दैवाने या विषयावरची सगळी चर्चा मोटारी आणि मोटरसायकली यांच्या मायलेजभोवतीच फिरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींना सहा-सात टक्के आणि दुचाकींना तीन-चार टक्के घट येईल, असा अंदाज आहे. ग्रास कटर, पाठीवरचे पेट्रोल फवारणी पंप, झाडे कापण्याची करवत या लहान इंजिनांचे कोणी नावही घेत नाही, आणि ती तर आता गावोगाव आहेत.

लहान इंजिनाची अडचण मोटारीपेक्षा वेगळी का, हे समजून घेतले की पुढचे सगळे उपाय आपोआप पटतात. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरते, कारण त्याच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो. वीस टक्के मिश्रणाचे हेच प्रमाण साधारण १३.५ वर येते. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवे. आजच्या मोटारीत सेन्सर आणि संगणक असतो, तो हे ओळखून इंधन वाढवतो. ग्रास कटरच्या कार्बोरेटरला काहीच ओळखता येत नाही. साध्या पेट्रोलसाठी ठरवलेल्या छिद्रातून तो तेवढेच इंधन सोडत राहतो, मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि इंजिन तापते. हे तापणे पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला सर्वांत जास्त होते, आणि दोन-स्ट्रोकमध्ये त्याच जागी तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनात ठोका येऊ न देण्याचा गुण, मात्र चांगला असतो, त्यामुळे ठोका येण्याची तक्रार ई-२० वर वाढत नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागासाठी ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने दुसऱ्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेसह लहान इंजिनांवर वीस टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाच्या चाचण्या केल्या आणि २००८ मध्ये त्यांचा अहवाल दिला. इथेनॉल वाढले तसे धुराचे तापमान वाढले, आणि काही गवत कापायच्या यंत्रांत मंद गतीचे फेरे इतके चढले की ट्रिगर न दाबताही क्लच धरू लागला. या दुसऱ्या निष्कर्षाकडे मी सर्वांचे लक्ष वेधतो. ट्रिगर सोडल्यावर पाते थांबले पाहिजे, हाच या यंत्राच्या सुरक्षेचा पाया आहे. शेजारच्या ओळीत बाई माणूस गवत गोळा करत असताना पाते आपले आपण फिरत राहिले तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी. तिकडे पंधरा टक्क्यांचे पेट्रोलसुद्धा अशा लहान इंजिनांत वापरायला मनाई आहे आणि तशी सूचना पंपावर चिकटवलेली असते. आपल्याकडे वीस टक्के सरसकट आहे आणि तशी सूचना माझ्या पाहण्यात नाही.

यंत्र घेतल्यावर पहिले काम म्हणून कार्बोरेटर जुळवून घ्यावा. ज्या कार्बोरेटरवर एच आणि एल अशी अक्षरे असलेले दोन लहान स्क्रू आहेत, तेथे हे सोपे असते: एच म्हणजे पूर्ण गतीचे इंधन, एल म्हणजे मंद गतीचे, आणि स्क्रू डावीकडे फिरवला की इंधन वाढते. आधी इंजिन गरम होऊ द्यावे, तार किंवा पाते लावलेलेच ठेवावे, आणि पूर्ण ट्रिगर दाबून आवाज ऐकावा. मोकळ्यात चालताना आवाज किंचित अडखळता, फटफटता हवा आणि गवतात घालताच तो एकसारखा, गुळगुळीत झाला पाहिजे. मोकळ्यातही आवाज शिट्टीसारखा उंच आणि कोरडा येत असेल तर मिश्रण पातळ आहे, एच स्क्रू अगदी थोडा, आठव्या भागाच्या फेऱ्याने, उघडावा आणि पुन्हा ऐकावे. त्यानंतर मंद गतीचे फेरे ठरवणारा वेगळा स्क्रू (एल नव्हे) कमी करत करत पाते पूर्ण थांबेपर्यंत आणावे. प्लग काढून पाहिला तर त्याच्या टोकाचा रंग तांबूस-तपकिरी दिसला पाहिजे. पांढरट, भाजल्यासारखा दिसला तर अजून इंधन कमी पडते आहे. आमच्याकडे हे काम गावातल्या मोटरसायकलच्या मिस्त्रीकडूनही होते, फक्त त्याला यंत्र कामाच्या भाराखाली चालवून दाखवावे लागते.

अडचण स्वस्त यंत्रांची आहे. त्यांपैकी बऱ्याच यंत्रांत एच स्क्रूच नसतो, जेट, म्हणजे इंधन सोडणारे छिद्र, कायमचा ठरलेला असतो आणि बाहेरून फक्त मंद गतीच्या फेऱ्यांचा स्क्रू फिरतो. असे यंत्र ई-२० वर जन्मभर थोडे पातळच चालणार. जेट एका मापाने मोठा बसवून घेणे हाच त्यावरचा उपाय, आणि तो प्रत्येक मिस्त्रीकडे मिळतोच असे नाही. म्हणून विकत घेतानाच झाकण उघडून कार्बोरेटर पाहावा. दुकानदाराला हे विचित्र वाटते, पण वाटू द्यावे.

तेलाबद्दल गावात एक समज पक्का बसला आहे की ई-२० गरम करते म्हणून टू-टी तेल, म्हणजे पेट्रोलात मिसळायचे दोन-स्ट्रोक इंजिनाचे वंगण, जास्त घालावे. याने उलटे होते. ठरलेल्या जेटमधून तेवढेच मिश्रण जाते. त्यात तेल वाढले म्हणजे पेट्रोल घटले, आणि दाट झालेले मिश्रण छिद्रातून जातेही थोडे कमी. म्हणजे इंजिन आणखी पातळ चालते, वर सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी बसते ती वेगळीच. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत जे प्रमाण दिले असेल तेच ठेवावे: २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिली, ५० ला १ असेल तर २० मिली. माप डोळ्यांनी न घेता औषधाच्या मापाच्या पेल्याने घ्यावे, आणि तो पेला फक्त तेलासाठी वेगळा ठेवावा. तेलाच्या बाटलीवर जासो एफसी किंवा एफडी हा जपानी मानकाचा दर्जा छापलेला असला की हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला ते योग्य असते. सुट्या मापात मिळणारे बिननावाचे तेल स्वस्त पडते, पण पिस्टन आणि सिलिंडरचा खर्च समोर ठेवला तर ते कोणत्याही हिशेबाने स्वस्त नाही.

आता मुख्य गोष्ट. इथेनॉल पाणी ओढते. साध्या पेट्रोलमध्ये पाणी गेले तर ते वेगळे थेंब होऊन तळाशी बसत असे, डोळ्यांना दिसत असे आणि काढता येत असे. ई-२० मध्ये ते आधी विरघळून जाते, बाहेरून काहीच कळत नाही, आणि मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉलला सोबत घेऊन पेट्रोलपासून फुटते आणि दोन थर पडतात. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की वीस टक्क्यांचे मिश्रण दहा टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा जास्त पाणी धरून ठेवते, त्यामुळे पावसाळ्याच्या नुसत्या दमट हवेने ते लगेच फुटत नाही. फुटते ते प्रत्यक्ष पाणी गेल्यावर: भर पावसात टाकीचे झाकण उघडून पेट्रोल भरताना, धुतलेल्या आणि नीट न वाळलेल्या बाटलीतून, किंवा अर्ध्या भरलेल्या टाकीत दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारवा यांमुळे आतून सुटणाऱ्या दवातून. शिवाय तापमान उतरले की पाणी धरून ठेवण्याची शक्तीही उतरते. ऑक्टोबरच्या उन्हात एकजीव दिसणारे मिश्रण डिसेंबरच्या थंडीत फुटू शकते, आणि आमच्या भागात नेमका तोच काळ यंत्र कोठीत पडून असण्याचा असतो.

चार-स्ट्रोक इंजिनात असे झाले तर ते सुरू होत नाही, टाकी साफ केली की बहुधा भागते. दोन-स्ट्रोकमध्ये प्रकरण गंभीर आहे, कारण इंजिनाचे वंगण पेट्रोलातच मिसळलेले असते. थर फुटले की टू-टी तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. खालच्या पाणी-इथेनॉलच्या थरात तेल जवळजवळ नसते. आणि टाकीत नळीच्या टोकाला वजन लावलेला फिल्टर असतो तो नेमका तळाशी पडून खालचाच थर ओढतो.

हे मी मिस्त्रीच्या दुकानात जवळून पाहिले. जाम झालेले एक यंत्र त्याच्याकडे आले होते. आदल्या हंगामातले मिश्रण टाकीत तसेच होते. मिस्त्रीने ते काचेच्या बरणीत ओतले आणि ओट्यावर ठेवले. थोड्या वेळाने वर तेलाच्या रंगाचा हिरवट-निळा थर आणि खाली बोटभर जाडीचा, फिकट, गढुळसर थर अशी सरळ रेघ पडली. त्याने बरणी हलवली, सगळे दुधाळ झाले, आणि पुन्हा तीच रेघ हळूहळू उमटली. मग त्याने सिलिंडर उघडला. पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते, खालची रिंग खाचेत चिकटून बसली होती, आणि त्या बाजूला ओल्या तेलाचा मागमूस नव्हता. “भाऊ, तेल वरच राह्यलं, इंजिननं खालचं पाणी पेलं,” एवढेच तो म्हणाला. दुकानदाराने ते यंत्र वॉरंटीत धरले नाही, कारण पेट्रोलमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, असे बारीक अक्षरात छापलेले होते. पेट्रोल कसे ठेवावे हे मात्र विकताना कोणी सांगितलेले नव्हते, आणि हाच मला खरा दोष वाटतो.

कार्बोरेटरच्या आतले नुकसान याहून सावकाश होते. या यंत्रांत फ्लोट, म्हणजे इंधनाची पातळी राखणारा तरंगता भाग, नसतो, तर पातळ रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, धडधडत इंधन ओढतो. इथेनॉल नैसर्गिक रबर आणि हलक्या प्रतीचे कृत्रिम रबर आधी फुगवते आणि नंतर सुकले की कडक करते. नवा पडदा बोटांत धरला तर झिरझिरीत, लवचिक लागतो. ई-२० मध्ये एक हंगाम भिजून आणि उन्हाळाभर कोरडा पडलेला पडदा दुमडला की चुरचुरतो आणि दुमड तशीच राहते. असा पडदा पुरेसे इंधन ओढत नाही, म्हणजे आधीच पातळ असलेले मिश्रण आणखी पातळ होते. पेट्रोलची नळी टाकीत शिरते त्या जागी तडकते आणि तेथून हवा शिरते, त्याचाही परिणाम तोच. पेट्रोल चढवण्यासाठी दाबायचा पारदर्शक बल्ब पिवळा पडून फाटतो. कार्बोरेटरच्या धातूवर पांढरी भुकटी धरते आणि ती छिद्रात अडकते. दिलासा एवढाच की पडदे, नळ्या आणि बल्ब यांचा संच काही शे रुपयांत येतो. मी तो दर वर्षी मृगाच्या आधी बदलतो. फ्लोरो-रबरच्या नळ्या मिळाल्या तर त्याच घ्याव्यात, त्या इथेनॉलला बऱ्याच जास्त काळ टिकतात.

पेट्रोल साठवण्याबाबतचे माझे नियम साधे आहेत. ई-२० हे दुधासारखे समजावे: लागेल तेवढेच आणावे आणि ताजे असताना संपवावे. दोन-तीन आठवड्यांत संपेल यापेक्षा जास्त मिश्रण करून ठेवत नाही. आणायला पाण्याची किंवा थंड पेयाची बाटली वापरत नाही. ती पेट्रोलसाठी बनलेली नसते, उन्हात तापते, आणि तळाशी उरलेले पाण्याचे थेंब पेट्रोल निमूटपणे पिऊन टाकते. घट्ट झाकणाचा, पेट्रोलसाठीचाच डबा घ्यावा, तो आतून कोरडा करावा, शक्य तितका भरलेला ठेवावा म्हणजे आत हवा कमी राहते, आणि सावलीत ठेवावा. गावात किराणा दुकानांतून बाटल्यांत मिळणारे पेट्रोल किती जुने आहे आणि त्यात काय गेले आहे हे कळायला मार्ग नसतो; मोटरसायकल अडली तर ते ठीक, दोन-स्ट्रोक यंत्राला ते घालू नये. टाकीत ओतण्यापूर्वी डबा हलवावा आणि पाऊस चालू असेल तर आडोशाला जावे.

हंगाम संपला की यंत्र कोरडे करणे हे सर्वांत महत्त्वाचे काम. टाकीतले मिश्रण काढून घ्यावे, यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत मंद गतीवर चालू द्यावे, मग बल्ब पुन्हा पुन्हा दाबून नळीत राहिलेले थेंब काढावेत आणि आणखी एकदा सुरू करून बंद पडू द्यावे. त्यानंतर प्लग काढून छिद्रातून चमचाभर टू-टी तेल सोडावे, दोरी सावकाश दोन-तीनदा ओढून ते सिलिंडरभर पसरू द्यावे आणि प्लग परत लावावा. या सगळ्याला फार वेळ लागत नाही. काढलेले मिश्रण ताजे आणि एकजीव असेल तर लगेच दुसऱ्या चालू दोन-स्ट्रोक यंत्रात वापरावे, पुढच्या पावसाळ्यासाठी जपून ठेवू नये.

बाजारात पेट्रोल टिकवण्याच्या म्हणून काही बाटल्या मिळतात. त्यांचा उपयोग पेट्रोल शिळे होऊन चिकट थर धरू नये यासाठी होतो. एकदा फुटलेले थर त्या पुन्हा एक करत नाहीत, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नये. दुसरा एक उपाय सध्या सांगितला जातो तो पाण्याने इथेनॉल काढून टाकण्याचा: मापाच्या नळीत शंभर मिली पेट्रोल आणि दहा मिली पाणी घालून हलवले की तळाचा थर दहा मिलीवरून तिसाच्या जवळ जातो, कारण इथेनॉल पाण्यात उतरते. पंपाच्या पेट्रोलमध्ये खरोखर किती इथेनॉल आहे हे तपासायला ही पद्धत उत्तम आहे आणि प्रत्येकाने ती एकदा करून पाहावी. पण असे धुतलेले पेट्रोल यंत्रात घालू नये. इथेनॉलच्या ऑक्टेनचा हिशेब धरूनच मूळ पेट्रोल बनवलेले असते, ते काढले की उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन खाली येतो, त्यात ओल राहते, आणि घरात उघड्या भांड्यात पेट्रोल घुसळणे जिवावर बेतू शकते.

ई-२० वर लहान इंजिने चालूच शकत नाहीत, असे मी म्हणत नाही. ब्राझीलमध्ये गेली कित्येक वर्षे पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २७ टक्के इथेनॉल होते आणि ऑगस्ट २०२५ पासून ते ३० टक्के झाले आहे. तेथेही उसाचे मळे आणि फळबागा आहेत, आणि तेथील यंत्रे चालतात, कारण ती त्या पेट्रोलसाठी जेट आणि रबर बदलून विकली जातात. आपल्याकडे येणाऱ्या यंत्रांच्या पुस्तिकांत मात्र अजूनही अनेकदा दहा टक्क्यांची मर्यादा छापलेली दिसते. दहा टक्के लिहिलेले यंत्र आणि वीस टक्क्यांचा पंप या दोहोंमध्ये शेतकरी सापडला आहे. विकणाऱ्यांनी ई-२० साठी जुळवलेला कार्बोरेटर द्यावा, पुस्तिका मराठीत द्यावी आणि यंत्र कोरडे करण्याची रीत पहिल्या पानावर छापावी, ही मागणी अवाजवी नाही. अनुदानावर अवजारे देताना तेवढी अट घालणेही शासनाला शक्य आहे.

चार-स्ट्रोक ग्रास कटरचा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. वजनाला आणि किमतीला तो जास्त आहे, पातळ मिश्रणाचा आणि रबराचा त्रास त्यालाही होतो, पण त्याचे वंगण वेगळे असल्यामुळे फुटलेल्या पेट्रोलने तो जाम होत नाही, आणि मिश्रण करण्याची कटकट वाचते. ज्यांच्याकडे यंत्र मजुराच्या हाती असते आणि दर वेळी आपण समोर नसतो, त्यांना मी तोच सुचवेन. घराच्या अंगणापुरते आणि रोपवाटिकेपुरते काम असेल तर बॅटरीचा कटर पुरतो. मोठ्या बागेत तो मधेच दम तोडतो. फवारणीच्या बाबतीत बॅटरीच्या पंपांनी गावातला प्रश्न बराचसा सोडवला आहे, तरी संत्र्याच्या उंच झाडांसाठी पेट्रोलचा पंप अजून लागतो, आणि त्यालाही वरचे सगळे नियम जसेच्या तसे लागू आहेत.

एकंदरीत एच स्क्रू असलेला ५२ सीसीचा ग्रास कटर, हंगामाआधी बदललेले पडदे आणि ताजे ई-२० या जोडीला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. ठरलेल्या जेटच्या यंत्राला दोनच. दुकानात गेल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात: कार्बोरेटरला एच आणि एल हे दोन्ही स्क्रू आहेत का, पुस्तिकेत किती टक्के इथेनॉल चालते असे लिहिले आहे, आणि याच यंत्राच्या पडद्यांचा व नळ्यांचा संच दुकानात आज शिल्लक आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नागपूरहून मागवून देऊ असे आले, तर तो संच हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ऐन श्रावणात कटर बंद पडल्यावर तो येईपर्यंत तण थांबत नाही.